गर्दीशी बोला

२०१८ सालच्या १ जुलैला रविवार होता. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला त्या दिवशी आठवडी बाजार भरला होता. मंगळवेढ्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षा मागत तिथं आली होती. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे निरोप त्या दिवसांत प्रत्येकाच्या मोबाइलवर येत होते. त्या संशयावरून लोकांनी पाचही जणांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि जीव जाईपर्यंत मारलं. मारहाणीच्या चित्रफिती त्याच संध्याकाळी राज्यभर फिरल्या. पुढे २०२४ साली धुळ्याच्या न्यायालयानं सात जणांना जन्मठेप दिली.

त्याच रात्री मालेगावात तशाच अफवेवरून परभणीकडचं एक कुटुंब जमावाच्या तावडीत सापडलं. पाच माणसं, त्यांत दोन वर्षांचं लेकरू. जमाव इथंही मोठा होता, पोलिसांच्या गाडीलाही त्यानं सोडलं नाही. पण वस्तीतल्याच माणसांनी त्या पाच जणांना एका घरात आत घेतलं. पोलिसांनी पुढे मोठ्या शर्थीनं त्यांना तिथून बाहेर काढलं. पाचही जण वाचले.

नकाशा पाहिला तर या दोन ठिकाणांच्या मधे आमचा बागलाण तालुका येतो. तिथल्या एका हायस्कूलमध्ये मी मराठी आणि इतिहास शिकवला. वर्गात राईनपाड्याजवळच्या पिंपळनेरकडची मुलं असायची, आणि मालेगावहून रोज ये-जा करणारे सहकारी शिक्षकखोलीत असायचे. त्यामुळे या दोन बातम्या मला कधी वेगवेगळ्या वाचताच आल्या नाहीत. अफवा एक, दिवस एक, राग एक. मग एकीकडे पाच तिरड्या आणि दुसरीकडे पाच जिवंत माणसं, असं का झालं? याची कारणं अनेक असणार. पोलीस ठाणं किती लांब, वेळ कोणती, वस्ती कशी, हे सगळं त्यात येतं. पण मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. गर्दीतले सगळे सारखे नसतात. मारणारे थोडे, ओरडून चिथावणारे थोडे, आणि उरलेले बहुतेक जण शेजारच्याच्या तोंडाकडे बघत उभे. त्या उभ्या असलेल्यांशी कुणाला तरी बोलावं लागतं. गुंडाशी बोलायचं धाडस सगळ्यांत नसतं, पण शेजारच्या माणसाशी बोलायला फार धाडस लागत नाही. मुलांना मी वर्गात हेच शिकवत आले.

याचं एक जुनं आणि माझ्या मते सगळ्यांत चांगलं उदाहरण आपल्याच घरातलं आहे. सावित्रीबाई फुले यांनी २९ ऑगस्ट १८६८ रोजी नायगावहून जोतीरावांना लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. गणेश नावाचा एक ब्राह्मण तरुण गावोगाव पंचांग सांगत फिरायचा. सारजा नावाच्या महार मुलीशी त्याचं प्रेम जुळलं आणि तिला दिवस गेले. गावाला कळलं तेव्हा लोकांनी दोघांना मारत मारत गावातून फिरवलं, आता ठार करायचं असं ठरवून निघाले. सावित्रीबाईंना हे समजलं आणि त्या धावत तिथं गेल्या.

हा प्रसंग शिकवताना मी मुलांना विचारायची, की त्यांनी तिथं जाऊन काय केलं असेल? मुलं म्हणायची, मॅडम, त्या ओरडल्या असतील, आडव्या झाल्या असतील, पाया पडल्या असतील. पत्रातून जे कळतं ते निराळं आहे. त्यांनी लोकांना सांगितलं, की खून केलात तर इंग्रजी कायद्यानं परिणाम भोगावे लागतील. प्रेमाची, जातीची चर्चा तिथं काढली नाही. जमलेल्या प्रत्येकाला त्यांनी त्याच्या उद्याची आठवण करून दिली. लोक वरमले. मग त्यांच्यातलाच एक जण म्हणाला, की या दोघांनी गाव सोडून जावं. ही तडजोड काही न्यायाची नव्हती, त्या दोघांचा गुन्हाच काय होता? पण त्या घडीला तेवढ्या वाटेनं दोन जीव, आणि पोटातला तिसरा, सुटत होते. दोघांनी ते मान्य केलं आणि सावित्रीबाईंनी त्यांना पुण्याला जोतीरावांकडे पाठवून दिलं.

या पत्रात मला तीन गोष्टी दिसतात. सावित्रीबाई वेळेवर गेल्या. त्या संपूर्ण जमावाला उद्देशून बोलल्या. आणि जमावाला मागे फिरायला जागा ठेवली. तिसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे. चारचौघांत हात उगारलेला माणूस नुसता 'तू नालायक आहेस' म्हटल्यानं हात खाली घेत नाही. त्याला मान खाली न घालता थांबता आलं पाहिजे.

आता शाळेकडे येते, कारण जमाव काही एका दिवसात तयार होत नाही. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीजवळ तो रोज थोडा थोडा घडत असतो. एखादा मुलगा बोलताना अडखळतो, त्याची नक्कल होते. कुणाचा डबा लपवतात, कुणाची चप्पल छपरावर जाते. कुणाला आडनाव पुन्हा पुन्हा विचारलं जातं आणि का विचारलं जातं हे सगळ्यांना ठाऊक असतं. अशा प्रत्येक वेळी भोवती एक कडं असतं. कॅनडातल्या टोरोंटो शहरात संशोधकांनी शाळांच्या मैदानांवरचं असं वागणं कॅमेऱ्यानं टिपलं होतं. २००१ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. छळाच्या १०० प्रसंगांपैकी ८८ प्रसंगांत इतर मुलं तिथं हजर होती. पण कुणी मधे पडलं असे प्रसंग १९ टक्केच. आणि ज्या वेळी एखादं मूल मधे पडलं, त्यांतल्या ५७ टक्के वेळा छळ १० सेकंदांच्या आत थांबला.

दहा सेकंद! हा आकडा मी शिक्षकखोलीच्या फळ्यावर लिहून ठेवला होता. पालकसभेतही सांगायची. शिक्षक येऊन, चौकशी करून, पालकांना बोलावून जे आठवडाभरात साधत नाही, ते सोबतच्या मुलाच्या एका वाक्यानं साधतं.

असं का होतं, याचं उत्तर फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठातल्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांच्या कामात सापडतं. छळ ही दोघांमधली गोष्ट नसून पूर्ण वर्गाची असते, हे त्यांनी १९९६ साली मांडलं. छळणाऱ्याला हात देणारे काही असतात, हसून दाद देणारे काही, बाजूला होणारे काही आणि छळल्या जाणाऱ्याची बाजू घेणारे काही. त्यांच्याच कामावरून फिनलंडमध्ये 'किवा' नावाचा कार्यक्रम उभा राहिला आणि २००९ पासून तो देशभरातल्या शाळांत गेला. त्याचा सगळा भर हसणाऱ्यांवर आणि बाजूला होणाऱ्यांवर आहे. छळणाऱ्या मुलाची कमाई हे भोवतीचं हसू असतं. ते बंद झालं की त्याचा उत्साह मावळतो.

आमच्या आठवीच्या वर्गात आम्ही हे करून पाहायचो. एकानं दादागिरी करायची, एकानं सोसायचं, बाकीच्यांनी कडं करायचं. मग प्रत्येकानं वहीत लिहायचं, की मी पहिलं वाक्य कोणतं बोलेन? पुस्तकी भाषा चालणार नाही, घरी बोलता तसं लिहा. मुलांनी लिहिलेली वाक्यं फार शहाणी असायची. 'चल रे, पाणी प्यायला जाऊ.' 'बस झालं, त्याला नाही आवडत.' 'पक्या, तू कशाला हसतोस?' हे शेवटचं वाक्य एका शांत मुलीचं होतं आणि ते मला आजही सगळ्यांत जास्त आवडतं. दादाला ती काहीच म्हणाली नव्हती. शेजारच्या हसणाऱ्या पक्याला तिनं गाठलं होतं. खेळ संपल्यावर दादा झालेल्या मुलाला आम्ही विचारलं, की तुला कधी अवघडल्यासारखं झालं? तो म्हणाला, मॅडम, पक्या हसायचा थांबला तेव्हा.

वाक्य लिहून भागत नाही, तोंडानं म्हणून पाहावं लागतं. एकदा, दोनदा, मोठ्यानं. गळा कोरडा पडलेला असताना नवं वाक्य सुचत नाही, पाठ असलेलंच बाहेर येतं.

मोठी माणसं गप्प का राहतात, यावर जगात पुष्कळ अभ्यास झाला आहे आणि त्याची सुरुवात एका चुकीच्या बातमीपासून झाली. न्यूयॉर्कमध्ये १३ मार्च १९६४ च्या पहाटे किटी जिनोव्हीज या तरुणीचा तिच्या घराजवळ खून झाला. दोन आठवड्यांनी एका मोठ्या वर्तमानपत्रानं पहिल्या पानावर छापलं, की ३७ जण तो खून बघत राहिले आणि एकानंही पोलिसांना कळवलं नाही. ही गोष्ट जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेली. पुढे उघड झालं, की आकडा फुगवलेला होता. बहुतेकांना नीट काही दिसलंच नव्हतं, एकानं खिडकीतून ओरडून हल्लेखोराला हुसकावलंही होतं, आणि सोफिया फरार नावाची शेजारीण जिवाची पर्वा न करता खाली धावली होती. किटीला तिनं अखेरपर्यंत कुशीत धरलं होतं. ज्या बाईचं नाव मुलांना शिकवायला हवं होतं, तिलाच त्या बातमीनं पुसून टाकलं. याचा मला मनापासून राग येतो.

तरी त्या बातमीमुळे जॉन डार्ली आणि बिब लाताने या दोघा मानसशास्त्रज्ञांनी जे प्रयोग केले, ते खरे आणि उपयोगाचे आहेत. एका खोलीत माणसाला अर्ज भरायला बसवलं आणि भिंतीतल्या फटीतून धूर सोडला. एकटा माणूस असेल तेव्हा १०० पैकी ७५ जण उठून सांगायला गेले. सोबत दोन माणसं मुद्दाम निर्विकार बसवली तेव्हा १०० पैकी फक्त १० गेले. धूर डोळ्यांत जात होता, तरी माणसं अर्ज भरत राहिली. ती निर्दय होती म्हणून असं झालं नाही. शेजारचा शांत आहे, म्हणजे काळजीचं काही नसावं, असं प्रत्येकाला वाटलं. आणि प्रत्येकाचा शेजारी शांत दिसत होता तो याच कारणानं.

म्हणून मी म्हणते, की पहिला शब्द शेजारच्याला उद्देशून असावा. 'दादा, हे बरोबर दिसत नाही, तुम्हाला काय वाटतं?' एवढं म्हटलं की त्याचा तो शांत मुखवटा गळून पडतो. त्यालाही हेच म्हणायचं असतं.

आणि बहुतेकदा लोक पुढे येतातच, याचाही पुरावा आहे. २०१९ साली एका संशोधक गटानं ॲमस्टरडॅम, केपटाऊन आणि इंग्लंडमधलं लँकेस्टर अशा तीन शहरांतल्या रस्त्यांवरच्या २१९ भांडणांची कॅमेऱ्यातली दृश्यं तपासली. दहापैकी नऊ भांडणांत निदान एक तरी परका माणूस मधे पडला होता. आणि बघे जितके जास्त, तितकी कुणीतरी मदतीला येण्याची शक्यता जास्त होती. 'आजकाल कुणी कुणाचं नाही' असं आपण पारावर सारखं म्हणतो. हे म्हणणं थांबवलं पाहिजे. ते खरं नाही, आणि ऐकणाऱ्या पोरांना ते गप्प बसायची परवानगी देतं.

सटाणा-मालेगाव एसटीत मी एकदा जे पाहिलं, ते वर्गात पुष्कळदा सांगितलं आहे. बाजाराचा दिवस, गाडी खचाखच. एक माणूस कॉलेजच्या मुलीवर मुद्दाम रेलत होता. ती अंग चोरत होती, आणि आसपासच्यांना दिसत असूनही जो तो खिडकीबाहेर बघत होता. तेवढ्यात मागच्या बाकावरून भाजीची पाटी मांडीवर घेतलेली एक म्हातारी अहिराणीत म्हणाली, 'आठे ये व माय, मनाजोडे बस.' इकडे ये बाई, माझ्याजवळ बस. त्या माणसाकडे तिनं पाहिलंही नाही. मुलगी वाट काढत तिच्याजवळ गेली. पण त्या हाकेनं सगळ्यांना कळलं, की हे आपल्याला एकट्यालाच दिसत नव्हतं. एकानं त्याला पुढे सरकायला सांगितलं, दुसऱ्यानं कंडक्टरला हाक मारली, आणि पुढच्या थांब्यावर तो उतरून गेला. न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेली 'राइट टू बी' ही संघटना बघ्यांनी मदत कशी करावी हे शिकवते. त्यांच्या शिकवणुकीत पहिली वाट हीच आहे, की लक्ष दुसरीकडे वळवा, छळल्या जाणाऱ्याशी काहीतरी साधं बोलायला लागा. आमच्या म्हातारीला ते उपजत ठाऊक होतं.

धोका असतो आणि तो लपवून मुलांना शिकवता येत नाही. २० ऑक्टोबर २०११ च्या रात्री मुंबईत अंधेरीच्या अंबोली भागात मैत्रिणींची छेड काढणाऱ्याला किनन सॅंटोस आणि रूबेन फर्नांडिस या तरुणांनी हटकलं. तो माणूस निघून गेला आणि शस्त्रं घेऊन, साथीदारांना घेऊन परत आला. किनन त्याच रात्री गेला, रूबेन ३१ ऑक्टोबरला. मे २०१६ मध्ये चौघांना जन्मठेप झाली. त्या दोघांनी केलं ते योग्यच होतं. त्यांना हवी होती ती भोवतीच्या माणसांची साथ. तो परत यायच्या आत दहा माणसं त्यांच्या बाजूला येऊन उभी राहिली असती, पोलिसांना फोन गेला असता, तर कदाचित ते आज असते. म्हणून मी मुलांना सांगते, की शस्त्र दिसलं, दारू दिसली, किंवा समोर टोळकं असलं तर एकट्यानं अंगावर जायचं नाही. आधी माणसं गोळा करायची. मोघम 'वाचवा, कुणीतरी या' ओरडायचं नाही, माणूस निवडून बोट दाखवायचं. 'निळ्या शर्टवाले काका, एकशेबाराला फोन लावा. ताई, तुम्ही दुकानातल्या दादाला बोलवा.' नेमून दिलेलं काम माणूस सहसा टाळत नाही.

पुण्याच्या सदाशिव पेठेत २७ जून २०२३ च्या सकाळी एका तरुणीमागे कोयता घेऊन धावणाऱ्याला स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांनी अडवलं. एकानं जिवावर उदार होऊन तो वार रोखला, दुसरा मदतीला धावला, मग लोक आले. त्यांना सलाम. पण त्यांच्याइतकं धाडस नसलेल्या मुलांनाही काम असतं, हे मला तितकंच ठासून सांगायचं आहे. आरडाओरडा करणं, दुकानात आसरा देणं, फोन लावणं, हीसुद्धा मदतच आहे.

गर्दी आता मोबाइलवरही जमते. २०१८ च्या त्या दिवसांत देशभर फिरलेली एक चित्रफीत, दुचाकीवरून येऊन मूल उचलून नेणाऱ्यांची, मुळात कराचीतल्या एका संस्थेनं बालसुरक्षेसाठी केलेली जाहिरात होती. मूल परत आणून सोडतात तो शेवट कुणीतरी कापून टाकला होता. त्या जुलैत व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक निरोप एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पण गावच्या ग्रुपवर 'हे कुठलं? कधीचं? पोलीसपाटलांना विचारलं का?' असं पहिल्यांदा लिहिणारा माणूस त्याहून जास्त कामाचा. तेही गर्दीशी बोलणंच आहे.

पालकसभेत एक वडील कळकळीनं म्हणाले होते, 'मॅडम, पोरीला भानगडीत पडायला शिकवू नका, उद्या कोर्टाच्या चकरा कोण मारणार?' ही भीती खरी आहे आणि तिला कायद्यानंच उत्तर दिलं पाहिजे. दुसऱ्याच्या शरीराचं रक्षण करण्याचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५ नं प्रत्येकाला दिला आहे. संकटाला पुरेल इतकंच बळ वापरायचं, बदला घ्यायचा नाही, ही त्याची हद्द. खून, दरोडा अशा गंभीर गुन्ह्यांची माहिती पोलिसांना देणं हे तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ नुसार कर्तव्यच आहे. रस्ता अपघातात मदत करणाऱ्याला २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं आणि नंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नं संरक्षण दिलं. त्याच्यावर खटला होत नाही, नाव सांगायची सक्तीही करता येत नाही. हे संरक्षण अपघातापुरतंच आहे. मारहाणीत, छेडछाडीत मधे पडणाऱ्यालाही ते तितक्याच स्पष्टपणे मिळायला हवं, अशी मागणी आपण लावून धरली पाहिजे. त्या वडिलांची चिंता तेव्हाच मिटेल.

प्रसंग संपल्यावरही काम उरतं आणि ते तर सगळ्यांनाच जमण्यासारखं आहे. ज्याच्यावर बेतलं त्याच्याजवळ जायचं. 'मी पाहिलं, तुझी काही चूक नव्हती. घरी सोडू का? तक्रार करायची असेल तर मी सांगायला येईन.' फिनलंडमधल्याच २०११ च्या एका अभ्यासात दिसलं, की ज्या मुलांची बाजू वर्गातल्या एकानं जरी घेतली, ती मुलं कुणीच बाजू न घेतलेल्यांपेक्षा कमी खचलेली होती आणि स्वतःबद्दल त्यांना बरं वाटत होतं. छळ पूर्ण थांबला नाही तरीही. चित्रण केलं असेल तर ते त्याच्या किंवा पोलिसांच्या हाती द्यायचं, त्याच्या परवानगीवाचून कुठेही टाकायचं नाही. राईनपाड्याच्या चित्रफिती त्या माणसांच्या घरच्यांनीही पाहिल्या असतील, एवढं लक्षात ठेवलं तरी बोट थांबतं.

फोनचाही सराव मुलांकडून करून घ्यावा. संकटात ११२, मुलांसाठी १०९८, रेल्वेत १३९. फोन लागला की घाबरलेलं मूल आधी काय झालं ते सांगत बसतं आणि ठिकाण राहून जातं. म्हणून ठिकाण आधी: गाव, रस्ता, जवळचं देऊळ, शाळा किंवा दुकान. मग किती माणसं आहेत, कुणाच्या हातात काही आहे का, कुणाला लागलंय का. समोरून सांगेपर्यंत फोन ठेवायचा नाही. जूनमध्ये शाळा उघडल्या की पहिल्याच आठवड्यात यासाठी एक तास काढता येईल.